पडलेला की तुटलेला

साळवे मॅडम माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा त्यांच्या चिमटीत माझाच एक केस होता. सातपूरच्या कारखान्यात रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. पॅक झालेल्या एका खोक्यात, तेल लावलेल्या पार्टच्या मधोमध, हा केस सापडला होता. इन्स्पेक्शनच्या खोलीतल्या आम्हा सहा बायकांना ओळीनं उभं करून मॅडम तो प्रत्येकीच्या डोक्याशी लावून बघत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. मग टेबलावरचं भिंग उचललं, केसाचं टोक त्याखाली धरलं आणि मला विचारलं, "हा पडलाय की तुटलाय?"

मला वाटलं, या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. "माहीत नाही," मी म्हणाले. "माहीत नाही हे उत्तर इथं चालतं," त्या म्हणाल्या, "पण 'मला वाटतं' हे उत्तर चालत नाही. इकडे ये, बघ." भिंगाखाली केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसत होता. "मुळाशी पांढरं आहे म्हणजे आपल्या वेळेनं पडलेला. नसतं तर तुटलेला. पावसाळा संपत आलाय, पडणारच. उद्यापासून सगळे केस टोपीच्या आत." एवढं बोलून त्यांनी तो केस कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात घातला. वर काही कळवलं नाही. खोकं मात्र तळापर्यंत उपसून पुन्हा तपासलं. त्या दिवसापासून मी त्यांना घाबरायला लागले, आणि त्या मला आवडायला लागल्या त्याही तेव्हापासूनच.

मॅडम गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ठेंगण्या, सावळ्या, खांद्यापर्यंत कापलेले केस, ते काळे केलेले आणि काळे केलेत हे कुणापासून न लपवलेले. नाकावर चष्मा, खिशात भिंग. त्यांचा विश्वास कशावर म्हणून नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, रिक्षाच्या मीटरवर नव्हता, हवामानाच्या अंदाजावर नव्हता, आणि 'घरगुती' असं लिहिलेल्या वस्तूवर तर मुळीच नव्हता. कारखान्यात संशयित मालाला पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात. तो पास नसतो, नापास नसतो, चौकशी होईपर्यंत नुसता थांबलेला असतो. शॉपमधली मंडळी म्हणायची, साळवे मॅडमनी नवऱ्यालासुद्धा आधी पिवळी चिठ्ठी लावली असणार. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "लावली होती. सहा महिन्यांनी काढली. चांगला निघाला माणूस." तो चांगला माणूस मी तिथं लागायच्या आधीच वारला होता.

पण त्यांचा संशय आळशी नव्हता. पेठकडचा एक ऑपरेटर होता, त्याच्या मशीनवरचा माल दोन दिवस ओळीनं नापास होत होता. सुपरवायझरनं त्याला घरी बसवायची तयारी केली होती. मॅडम म्हणाल्या, "आधी गेज तपासा, मग माल. माणूस सगळ्यात शेवटी." गेज म्हणजे माप बरोबर आहे का ते बघायचं साधन. तेच झिजलेलं निघालं. माल चांगला होता, माणूसही. त्यानं पुढच्या आठवड्यात घरून नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड आणून दिले. मॅडमनी पिशवी उघडून वास घेतला आणि विचारलं, "कुणी केलेत? पाणी कुठलं?" तो बिचारा म्हणाला, "आईनं केल्यात मॅडम, पाणी विहिरीचं." त्यांनी एक पापड मोडून बघितला, बाकीचे आम्हा सगळ्यांत वाटले आणि दोन स्वतःसाठी ठेवून घेतले.

दुसऱ्या वर्षी माझे केस जायला लागले. नेमकं त्याच महिन्यात मला पाहायला येणार होते. विंचरलं की फणी भरायची, उशीवर केस, डब्यात केस. मी कांद्याचा रस लावला, माका लावला, जास्वंदीची फुलं वाटून लावली, शेजारणीनं सांगितलं म्हणून अंडंही फासलं, आणि शाम्पू बदलला तो वेगळाच. हे सगळं एकाच आठवड्यात. दिंडोरीहून आईचा फोन आला की कुणाची तरी नजर आहे, विंचरलेले केस उघड्यावर टाकू नकोस, थुंकून गुंडाळी करून टाक, कुणी करणी करेल. मी हे डबा खाताना मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "करणी करणाऱ्याला आधी विचार, त्याच्या डोक्यावर टक्कल का आहे." मग डबा बाजूला सारून त्यांनी चौकशी सुरू केली.

"एका आठवड्यात पाच गोष्टी बदलल्यास. आता गळणं थांबलं तर कशानं थांबलं, सांगता येईल तुला? आणि वाढलं तर कशानं वाढलं?" त्याच पुढे म्हणाल्या, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि त्याच्याही आधी, काहीच न बदलता नुसतं मोजायचं." त्यांनी मला वही घालून दिली. फणीतले केस रोज मोजायचे. न्हाण्याच्या दिवशी जास्त निघतात, म्हणून न्हाण्याच्या दिवसाची तुलना न्हाण्याच्याच दिवसाशी करायची. पांढऱ्या टोकाचे वेगळे, तुटलेले वेगळे. तुटलेले जास्त निघाले तर दोष आपल्या हाताचा, ओले केस ओढून विंचरतो त्याचा, करकचून घातलेल्या वेणीचा. पडलेले जास्त निघाले तर थोडं थांबायचं. "आज पडणारा केस आजच्या कारणानं पडत नाही," त्या म्हणायच्या. "दोन-तीन महिन्यांपूर्वी त्याचं ठरलेलं असतं. पावसाळा संपताना सगळ्यांचेच जातात. वर्षावास उठेपर्यंत पडू दे. त्यानंतरही पडत राहिले तर माझ्याकडे ये, मग संशय घेऊ." मॅडम बौद्ध होत्या. आम्ही श्रावण-भाद्रपद म्हणायचो ते दिवस त्यांच्या तोंडी वर्षावासाचे असत.

मी मोजत राहिले. डाळ, पालेभाजी, अंडी पोटात घेतली, डोक्यावर काही फासलं नाही. दिवाळीनंतर आकडा उतरला आणि मार्गशीर्षात फणी जवळजवळ कोरी निघायला लागली. मला पाहायला आलेल्या मुलालाच पुढून अर्धं टक्कल होतं, त्यामुळे त्याच्या आईनं माझ्या केसांचा विषयही काढला नाही. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "त्याचे पडलेत की तुटलेत, विचारलंस का?" त्याच मुलाशी माझं लग्न झालं आणि आम्ही मॅडमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून, खोली घेतली.

शेजार झाल्यावर मला त्यांची पाकिटं पाहायला मिळाली. पन्नाशीत त्यांचेही केस गळू लागले होते. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. मॅडमचा अर्थातच विश्वास बसला नाही. तेव्हापासून त्या आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवरचे आणि फणीतले केस गोळा करत, मोजत, आकडा वहीत लिहीत आणि आठवड्याचे केस एका पाकिटात घालून वर तारीख टाकत. पाकिटं लग्नपत्रिकांची. 'मंगल परिणय' असं सोनेरी अक्षरात छापलेलं आणि आत केसांची गुंडाळी. कपाटाचा एक कप्पा या पाकिटांनीच भरला होता. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी पाकिटं फुगत आणि थंडीत पुन्हा सपाट होत. "बघ," त्या म्हणायच्या, "झाडाला कुणी तेल लावायला जात नाही." मला ते कपाट पाहून जरा शिसारीच आली होती, खरं सांगायचं तर.

मॅडम मे महिन्यात निवृत्त झाल्या. त्यांचा मुलगा मिलिंद सातपूरलाच दुसऱ्या एका कारखान्यात शिफ्टवर जातो. त्याची बायको प्रज्ञा मनमाडची, वडील रेल्वेत. लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं आणि ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन ती गणपतीच्या आधी परत आली ती डोक्याला रुमाल बांधूनच. बाळंतिणीच्या कानाला वारा लागू नये म्हणून बांधतात तसा. गणपती गेले, दसरा गेला, तरी रुमाल सुटेना. मी मॅडमच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेली. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण दुसऱ्याच्या सुनेच्या रुमालाची चौकशी कोण करणार.

येताना तिनं सासूसाठी आईनं कढवलेलं तेल आणलं होतं. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. "यात काय काय आहे?" मॅडमनी विचारलं. प्रज्ञा म्हणाली, "माका आहे, कढीपत्ता आहे. बाकीचं मम्मी सांगत नाही कुणाला." सांगत नाही, हे मॅडमना सांगायचं वाक्य नव्हे. पण पोर हौसेनं घेऊन आली होती, म्हणून त्यांनी ते लावायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चौकशीविना एखादी गोष्ट पास केली असेल.

त्या वर्षी वर्षावास उठला तरी मॅडमची पाकिटं फुगतच गेली. दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर वही, पाकिटं आणि एक चिमुकला इलेक्ट्रॉनिक काटा. "मोजत नाही का आता?" मी विचारलं. "एवढे मोजत बसायला वेळ कुणाला आहे? वजन करते." निवृत्त बाईला वेळ नाही हे मला खटकलं. वजनं खरोखर चढत होती. "बिघाड झाला की चार गोष्टी बघायच्या," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "माणूस बदलला का, मशीन बदललं का, माल बदलला का, पद्धत बदलली का. माणूस मीच, डोकं तेच. बदललाय तो माल." आणि त्यांनी कपाटातून ती तेलाची बाटली काढली. बाटलीवर पिवळा कागद चिकटवलेला होता.

प्रज्ञा दारात उभी होती, मुलीला खांद्यावर घेऊन. तिनं तो कागद पाहिला. मिलिंदनं तिला कारखान्यातल्या गमती सांगितलेल्या असणार, त्यामुळे पिवळ्याचा अर्थ तिला ठाऊक होता. "आई, माझ्या मम्मीनं काय विष घातलंय का त्याच्यात?" तिनं हळूच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मी विष म्हटलं नाही. संशय म्हणजे आरोप नव्हे." सोळा आणे खरं वाक्य, पण कारखान्यातलं. दोन दिवसांनी प्रज्ञा मुलीला घेऊन, चार दिवस जाऊन येते म्हणून, मनमाडला गेली. चाराचे दहा झाले, दहाचे वीस. मिलिंदनं फोन केला की ती म्हणायची, बघू. तो माझ्या नवऱ्यापाशी येऊन बसायचा आणि चहा न पिताच उठून जायचा. बायको आता परत येईल असं त्याला वाटत नव्हतं, आणि आईला काही बोलायची त्याची छाती नव्हती.

मी मॅडमकडे गेले ते थोडं भांडायच्याच तयारीनं. मला वाटायला लागलं होतं की बाईंना सूनच नकोय आणि तेल हे निमित्त आहे. त्या माझी वाटच बघत होत्या. वही पुढे केली. "पुरावा बघ. ती गेली त्या दिवशी तेल बंद केलं. तिसऱ्या दिवशी वजन निम्म्याच्या खाली. तेव्हापासून तसंच आहे." बोलण्यात विजय होता, चेहऱ्यावर नव्हता. दोरीवर बाळाचं एक दुपटं तसंच होतं, ते त्यांनी काढलं नव्हतं.

"मॅडम, तुम्हीच म्हणायचात," मी म्हणाले, "आज पडणाऱ्या केसाचं दोन-तीन महिन्यांपूर्वी ठरलेलं असतं. मग तेल बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी फरक कसा पडेल?" त्या चिडल्या. "मग तूच शोध." मी कपाट उघडलं. वरची पाकिटं मिलिंदच्या लग्नातली उरलेली, त्याचं आणि प्रज्ञाचं नाव छापलेली. दिवाळीच्या आठवड्याचं पाकीट उघडून गुंडाळी सोडवली आणि पांढऱ्या कागदावर दोन केस शेजारी शेजारी ठेवले. एक वीतभर होता. दुसरा कागदाच्या बाहेर जाऊन टेबलावरून खाली लोंबत होता. "हे बघा," मी म्हणाले.

मॅडम वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. भिंग लावलं. "काय बघू? एकच तर आहे."

त्यांनी बोटानं कागद चाचपला, पहिला केस बोटाला लागला, मग दुसरा. दुसऱ्याच्या मागे त्यांचं बोट टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथून खाली. मला एकेक आठवायला लागलं. शेवटची दोन वर्षं त्या म्हणायच्या, "मनीषा, तू माप वाच, मी लिहिते." मला वाटायचं, त्या मला तयार करताहेत. लिहितानासुद्धा त्या ओळ सोडून लिहायच्या.

"केव्हापासून दिसत नाही?" मी विचारलं.

"दिसतं गं," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बारीक दिसत नाही. डोळ्यावर पडदा आलाय. डॉक्टर म्हणाला, काढावा लागेल. मला त्याचा भरवसा वाटला नाही." आणि मग खुर्चीत बसून, माझ्याशी नाही, स्वतःशीच, "गेज तपासलंच नाही मी."

बाकीचं त्यांनी स्वतःच शोधून काढलं. नोकरीत असताना त्या पहाटे सगळ्यांच्या आधी आंघोळ करून जाळी साफ करत. त्यामुळे जाळीवर सापडलेला प्रत्येक केस त्यांचाच असे. प्रज्ञा लग्न होऊन आली तरी हिशेब चुकला नाही, कारण तिचा नंबर नंतरचा आणि न्हाऊन झालं की जाळी ती स्वतःच साफ करी. निवृत्त झाल्यावर मात्र मॅडम आरामात, सगळ्यांच्या शेवटी न्हाऊ लागल्या. पोर रडायच्या आत दोन तांबे अंगावर घेऊन बाहेर पळणारी प्रज्ञा जाळी कुठली बघणार? "पद्धत बदलली होती," मॅडम म्हणाल्या. "चारांतली शेवटची. मी मालावरच थांबले." मग त्यांनी ती गुंडाळी तळहातावर घेतली. हात हलका वरखाली करून बघितला. "म्हणजे हे सगळे तिचे? पोरीचे एवढे केस जात होते आणि ती एका शब्दानं बोलली नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी मनमाडला गेलो. दारात प्रज्ञाची आई होती. मॅडमनी जयभीम केला, तिनंही केला, पण वाटेतून हलली नाही. "काय तपासायला आलात आता?" तिनं विचारलं. शेवटी घरात घेतलं, पाणी दिलं, आणि मॅडमनी पेला खाली ठेवायच्या आत म्हणाली, "एक विचारू का, विहीणबाई? आम्ही असलं काही मानत नाय. करणीबिरणी काही नाय मानत. पण माझ्या लेकीच्या लग्नाच्या पाकिटात माझ्या लेकीचे केस घालून, तारीख टाकून, तुमच्या कपाटात कशापायी ठेवलेत?"

मी मॅडमकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईवर कुणी संशय घेईल, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. प्रज्ञा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. तिनं एकदा कपाट आवरताना पाकीट उघडून बघितलं होतं आणि आपले लांब केस ओळखले होते. तिला वाटलं, सासू आपले केस मुद्दाम साठवतेय. का, ते विचारायचा तिला धीर झाला नाही. आधी केसांनी भीती घातली होती, मग पाकिटांनी घातली, आणि त्यावर तेलाच्या बाटलीवर पिवळा कागद आला.

"माझा रिपोर्ट चुकला," मॅडम म्हणाल्या. असं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. "ते तुझे केस आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मला ते दिसलेच नाहीत. मला दिसत नाही, प्रज्ञा. मी लपवलं. तुझ्या मम्मीच्या तेलात काही दोष नाही. दोष माझ्यात होता आणि चिठ्ठी मी तुला लावली." त्या विहिणीकडे वळल्या आणि हात जोडले. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवायला म्हणून आत गेल्या. प्रज्ञानं रुमाल सोडला. कपाळाच्या दोन्ही बाजूंना कातडी दिसत होती. एवढी देखणी पोर, आणि दोन महिने घरात तोंड चोरून वावरत होती. मॅडमना ते दिसलं नाही, म्हणून त्यांनी हातानं चाचपून बघितलं. "पडलेत की..." म्हणाल्या आणि स्वतःच थांबल्या.

त्याच दुपारी आम्ही तिला तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी असे केस जातात, त्यात पावसाळ्याच्या शेवटाची नेहमीची गळ मिसळली, घाबरायचं काही नाही, आपोआप भरून येतात. रक्त कमी दिसतंय, ते तपासून गोळ्या देते, खाणंपिणं नीट ठेवा, पोरीला पाजताय. मॅडमनी विचारलं, "आपोआप म्हणजे किती महिन्यांत? तेवढं लिहून द्या." डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी लिहून दिलं.

प्रज्ञा म्हणाली, मी येईन, पण दोन अटी. माझा एकही केस पाकिटात जायचा नाही. आणि तुम्ही डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं. मॅडम म्हणाल्या, "पहिली मान्य. दुसरीची चौकशी करून सांगते." "मग मीपण चौकशी करूनच येते," प्रज्ञा म्हणाली. तिला सासूला उलटून बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मॅडम परतीच्या गाडीत बराच वेळ खुशीत होत्या. "हुशार आहे," दोनदा म्हणाल्या. आठवडाभरात दुसरी अट मान्य झाली आणि मिलिंद बायको-मुलीला घेऊन आला. पाकिटं मॅडमनी स्वतःच मोकळी केली. वही मात्र सोडली नाही, त्या शेवटपर्यंत स्वतःचे केस मोजत राहिल्या आणि शेवटपर्यंत डॉक्टरांवर त्यांचा विश्वास नव्हता. हृदयानं एका दुपारी न विचारता काम थांबवलं, तेव्हा चौकशीला सवड मिळाली नाही.

पण मला त्या आठवतात त्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच्या. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन दारात आलं होतं, मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या, आणि प्रज्ञा त्यांच्या डोळ्यावरचं झाकण काढून थेंब घालत होती. आता ती रुमाल बांधत नव्हती. कपाळावर नवे, बोटभरसुद्धा नसलेले केस ताठ उभे होते. मला वाटलं, मॅडम आधी तेच बघतील. त्या बघत राहिल्या, पण तिच्या केसांकडे नाही.

"तुझ्या हनुवटीवर तीळ आहे," त्या म्हणाल्या.

"आहे ना."

"केव्हापासून?"

"जन्मापासून, आई."

"लग्नात होता?"

"होता की."

मॅडमनी तिची हनुवटी दोन बोटांत धरली आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. खूप वेळ बघितलं. "दीड वर्षाची सून तू माझी," त्या म्हणाल्या, "आणि मी तुला बघितलंच नव्हतं." प्रज्ञा म्हणाली, "आता डोळे मिटा. पाच मिनिटं उघडायचे नाहीत." मॅडमनी डोळे मिटले. हनुवटी मात्र सोडली नाही.